ड्रायरवर ठेवलेली गोधडी

नानांग, तुमचा बॉक्स अजून हॉलमध्येच आहे. टीव्हीच्या डाव्या हाताला, जिथे घर घेतलं तेव्हा मी पुस्तकांचं कपाट ठेवणार होतो. अर्ध्याच्या वर भरलाय. तळाला कॉर्न्ड बीफचे डबे, त्यावर साबण, वर टॉवेल आणि फटीफटींत कोंबलेल्या टूथपेस्टच्या ट्यूबा. तुम्हाला जाऊन दोन आठवडे झाले. नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या, तुमच्या चर्चमधल्या बायका आपापली पातेली घेऊन घरी गेल्या. बॉक्सला मात्र अजून कोणी हात लावलेला नाही.

त्या नऊ दिवसांत सगळ्यांनी तुमच्याबद्दल चांगलं बोलून घेतलं. किती कष्ट केले, किती माणसं जोडली, दारात आलेल्याला कधी उपाशी परत पाठवलं नाही. मीही मान डोलावली, कारण त्यात खोटं काही नव्हतं. पण मला स्वतःला तुमच्याबद्दल चांगलं बोलायला अजून जमत नाहीये. आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि तुम्ही मधूनच उठून गेलात. मला राग आलाय तुमचा. अजून आहे.

हे मराठीत लिहितोय, कारण भांडायला मला दुसरी भाषा येत नाही. आपण बोलायचो ते इंग्रजीत, जी धड तुमची नव्हती आणि धड माझीही नव्हती. चिडलात की तुम्ही इलोकानो या तुमच्या मातृभाषेवर जायचात, मी मराठीवर, आणि मध्ये तुमची लेक, माझी बायको ग्रेस, दोघांना गप्प करत उभी असायची. नानांग म्हणजे तुमच्या इलोकानोत आई. लग्नानंतर मी तुम्हाला त्याच नावाने हाक मारायला लागलो. सुरुवातीला ग्रेसला बरं वाटावं म्हणून, नंतर सवयीने. शेवटचे अकरा महिने मी तुम्हाला कुठल्याच नावाने हाक मारली नाही.

पहिल्यांदा तुम्ही विमानतळावरून थेट घरी आलात तो दिवस आठवतो. मी बार्शीचा मुलगा, सासू दारात दिसल्यावर पाया पडायला वाकलो. तुमच्याकडे मोठ्या माणसाचा हात धाकट्याने स्वतःच्या कपाळाला लावायचा असतो, म्हणून तुम्ही त्याच क्षणी हात पुढे केलात. तुमच्या अंगठीचा कोपरा माझ्या भुवईत घुसला. नातीला बघायला म्हणून आलात आणि पहिला तास जावयाच्या डोक्याला बर्फ लावत बसलात. तेव्हा तारा वीस दिवसांची होती. सहा महिन्यांसाठी आलेल्या तुम्ही नऊ वर्षं राहिलात.

घर अमेरिकेतल्या फ्रीमाँटमधलं, चिंचोळं, तीन मजली. ग्रेस हॉस्पिटलमध्ये नर्स, तिच्या बारा-बारा तासांच्या शिफ्ट. तारा शाळेत. मी वरच्या खोलीत दिवसभर कानाला हेडफोन लावून. म्हणजे लग्न मी ग्रेसशी केलं आणि संसार तुमच्याबरोबर केला, असं मी पुण्याच्या मित्रांना गमतीने सांगायचो. गंमत फारशी नव्हती. आठवड्यातले चार दिवस त्या घरात आपण दोघंच असायचो.

बरोबर साडेबारा वाजता दारावर टकटक व्हायची. तुम्ही दार अर्धंच उघडायचात, डोकं आत घालायचात आणि विचारायचात, "यू ईट ऑलरेडी?" जेवलोय की नाही हे तुम्हाला पक्कं माहीत असायचं, कारण ताट तुम्हीच वाढून, वर फॉइल लावून खाली ओट्यावर ठेवलेलं असायचं. तरी विचारायचात. माझी आई फोनवर पहिलं वाक्य हेच बोलायची, जेवलास का. तिला मी कधी धड उत्तर दिलं नाही आणि तुम्हालाही देत नव्हतो. नुसतं "येस, येस" म्हणायचो आणि खाली यायला दोन वाजवायचो.

मी शाकाहारी हे कळल्यावर तुम्ही ग्रेसला बाजूला घेऊन विचारलं होतंत की याला काही आजार आहे का. मग स्वतःच शिकलात. शुक्रवारी नारळाच्या दुधातलं मुगाचं पातळ कालवण करायचात, त्यातली कोळंबी माझ्यासाठी वगळून. कोबी, गाजर आणि फरसबी घालून तुमचे ते बोटाएवढे तळलेले रोल, लुंपिया, तेही माझ्यासाठी वेगळे वळायचात. मांसाशिवाय लुंपिया ही शिक्षा आहे असं म्हणत म्हणत एकेका बैठकीला पन्नास करायचात. आणि तुमची सुकी मासळी? पहिल्याच महिन्यात मी एकदा नाक मुरडलं, तेव्हापासून तुम्ही ती मागच्या अंगणात विजेच्या शेगडीवर तळायला लागलात. थंडीत, स्वेटर घालून. मी खिडकीतून बघायचो आणि मला थोडी लाज वाटायची. आत तळा, असं काही मी म्हणालो नाही.

आता बॉक्स. मी इथल्या मराठी मंडळींना तुमच्या बॉक्सबद्दल सांगायचो तेव्हा त्यांना खरं वाटायचं नाही. कमरेएवढं पुठ्ठ्याचं खोकं, वर्षातून तीनदा भरायचं, बोटीने दोन महिने प्रवास करून तुमच्या गावी पोचायचं. गाव उघडायला जमायचं. त्यात जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर तुम्ही कागदी चिकटपट्टी लावायचात आणि तिच्यावर मार्करने, मोठ्या इंग्रजी अक्षरांत, ज्याची त्याची नावं लिहायचात. बुटांच्या आत मोजे, मोज्यांच्या आत चॉकलेटं, आणि प्रत्येकावर नाव. शेवटी झाकण बसत नसलं की तुम्ही स्वतः वर बसायचात आणि ताराला टेप फिरवायला लावायचात.

घरात या बॉक्सचे दोन नियम होते. नाव लिहिलेली वस्तू ज्याची त्याची, तिला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. आणि गॅरेजमधल्या कपड्यांच्या ड्रायरवर ठेवलेली, बिननावाची वस्तू बॉक्सची. ताराचे आखूड झालेले फ्रॉक, ग्रेसचे जुने बूट, मला पोटात घट्ट झालेल्या पँटी, सगळं आम्ही ड्रायरवर ठेवायचो आणि ते दुसऱ्या दिवशी तिथून नाहीसं झालेलं असायचं. हे नियम मला माहीत नव्हते असं मी म्हणू शकत नाही. निम्मे कपडे तर मीच ठेवायचो.

गोधडी मीच तिथे ठेवली. हे मी अकरा महिने कोणाजवळ कबूल केलं नाही. आईने ती मी अमेरिकेला निघालो तेव्हा शिवली होती, स्वतःच्या जुन्या लुगड्यांची, मधोमध हिरवं इरकल, चारी कोपऱ्यांना लाल खणाची त्रिकोणी ठिगळं. टाके इतके जवळजवळ की हात फिरवला तर शेतातल्या सऱ्यांसारखे लागायचे. आई गेली तेव्हा माझे कागद अडकलेले होते, देशाबाहेर पाऊल टाकलं असतं तर परत यायची खात्री नव्हती. तिला उचललेलं मी फोनच्या स्क्रीनवर पाहिलं. बार्शीचं नेटवर्क, चित्र दोनदा अडकलं. तिचं माझ्याकडे जे होतं ते या गोधडीत होतं, बाकी काही नाही.

ती मी वर्षातून एकदा हाताने धुवायचो. त्या दिवशी मागच्या कठड्यावर वाळत घातली, दुपारी घडी करून ड्रायरवर ठेवली, कारण तेवढ्यात मीटिंग होती. मीटिंगनंतर वर न्यायची होती. विसरलो. तीन दिवसांनी बॉक्स न्यायला माणूस आला, आणि पुढच्या आठवड्यात थंडी वाजली तेव्हा मी गोधडी शोधायला लागलो.

तुम्ही गॅरेजच्या दारात उभ्या होतात. मी विचारलं, आणि तुम्ही अगदी सहज म्हणालात की ती मानांगसाठी गेली. मानांग म्हणजे तुमची थोरली बहीण, पासिंग, गावी अंथरुणाला खिळलेली, दोन्ही डोळे गेलेली. मी ओरडलो. तुमचा चेहरा उतरला. तुम्ही एवढंच म्हणालात, "बट आय आस्क यू. यू से ओके."

मी म्हणालो, मी असं कधीच म्हणालो नाही. तुम्ही म्हणालात, वर येऊन विचारलं होतं, हातात घेऊन आले होते. मी म्हणालो, साफ खोटं. आईच्या वयाच्या बाईला मी तोंडावर खोटारडी म्हणालो, तारा जिन्यात उभी असताना. आणि मग ते बोललो, जे बोलायला नको होतं. गोधडी परत येईपर्यंत तुमच्या हातचा घास खाणार नाही.

तुम्ही म्हणालात, "ओके. इट्स कमिंग."

मी माझा कुकर वेगळा केला. खिचडी, वरण-भात, पिठलं, जे येत होतं ते. तुमच्या राइस कुकरशेजारी माझा कुकर, तुमच्या शेल्फाखाली माझं शेल्फ, एका ओट्यावर दोन चुली. ग्रेस पहिले पंधरा दिवस समजूत घालत राहिली, मग कंटाळली. तारा दोन्हीकडचं खायची आणि मला म्हणायची, "बाबा, यू आर बीइंग सो ड्रामॅटिक." मला वाटायचं, दोन-तीन महिने. बॉक्स पोचेल, तुमची भाची नोरा गोधडी पार्सल करेल, मी एक घास खाईन, संपेल. मी काही राक्षस नाही. मला फक्त माझी गोधडी हवी होती आणि तुम्ही एकदा चुकले म्हणायला हवं होतं.

तुम्ही चुकले म्हणाला नाहीत. पण साडेबाराची टकटक थांबवली नाहीत. "यू ईट ऑलरेडी?" ताट रोज वाढलेलं, रोज फॉइल लावलेलं. मी स्क्रीनवरून मान वळवायचो नाही. बॉक्स पोचल्यावर मी ग्रेसकरवी विचारलं, गोधडीचं काय. इट्स कमिंग. पुढच्या महिन्यात विचारलं, इट्स कमिंग. कोणी पाहुणा येणार आहे, त्याच्याबरोबर येईल. मग मी विचारणं सोडलं आणि तुम्ही मला आतून हसत असाल असं धरून चाललो. अबोला धरलेल्या माणसाच्या नाकाखाली तुम्ही मासळी घरात तळायला हरकत नव्हती, मला ते चाललंही असतं. तुम्ही शेगडी घेऊन अंगणातच जात राहिलात.

बॉक्स पोचल्यानंतर पाचेक आठवड्यांनी पासिंग गेली. तुमचं ब्लड प्रेशर आणि गुडघे, डॉक्टरांनी विमानाला नाही म्हटलं. तिची मातीही तुम्ही टॅबलेटवरच पाहिलीत, किचनच्या टेबलाशी बसून. ग्रेस ड्यूटीवर, तारा शाळेत. मी पाणी घ्यायला खाली आलो. मी तुमच्या मागून नळाकडे जाताना तुम्ही चटकन टॅबलेट पालथा घातलात. हातांनी झाकून बसलात, आणि मी नळ बंद करून वर जाईपर्यंत तशाच बसून राहिलात. मी मनात म्हणालो, ठीक आहे, मला परकाच धरा. माझी आई मी अशीच पाहिली होती, एकट्याने, चार इंची स्क्रीनवर. त्या वेळी खुर्ची ओढून तुमच्याजवळ बसणारा या घरात मीच एक होतो, आणि मी ग्लास घेऊन वर गेलो.

मग तो मंगळवार. सकाळपासून माझी मीटिंग लांबलेली. खाली काहीतरी धपकन पडल्याचा आवाज आला. तुम्ही बॉक्सशी झटापट करत असाल असं वाटलं. साडेबारा होऊन गेले आणि दारावर टकटक झाली नाही. आणि नानांग, खरं सांगतो, मला बरं वाटलं. वाटलं, चला, दमली एकदाची म्हातारी, हरली. पाऊण वाजला. एक वाजता मी विजयी चेहऱ्याने खाली आलो. तुम्ही ओट्याखाली कुशीवर पडल्या होतात, डोळे उघडे, तोंड एका बाजूला ओढलेलं. ओट्यावर माझं ताट होतं, फॉइल तीन बाजूंनी दुमडलेली, चौथी राहिलेली.

हॉस्पिटलमध्ये तीन दिवस काढलेत. तुम्हाला बोलता येत नव्हतं. मी तुमचा हात कपाळाला लावला, ग्रेसने सांगितलं म्हणून. तुम्हाला कळलं का, माहीत नाही. घरी कपडे घ्यायला आलो तेव्हा ते ताट तसंच होतं, आंबलेलं. मी ते कचऱ्यात रिकामं केलं आणि ताट घासून ठेवलं. शपथ अजून माझ्या डोक्यात होती, इतका मी वाईट माणूस आहे.

तुमच्या माणसांनी तुम्हाला नीट पोचवलं. आमच्याकडे स्मशानातून आलं की आधी अंघोळ. तुमच्याकडे थेट घरी यायचंच नाही, मरण अंगाला चिकटून येतं म्हणून वाटेत कुठेतरी थांबायचं. तर आम्ही पंचवीस माणसं काळ्या कपड्यांत एका डोनटच्या दुकानात गेलो. मी हातात कॉफी धरून उभा राहिलो आणि पहिल्यांदा रडलो, काउंटरवरच्या मुलीसमोर. ती बिचारी जास्तीचे टिशू देऊन गेली.

नवव्या दिवशी, प्रार्थना संपल्यावर, नोराचा व्हिडिओ कॉल आला. ग्रेसशी बोलून झाल्यावर तिने मला मागून घेतलं. मी अवघडलो, अकरा महिने हिलाच शिव्या देत होतो. ती म्हणाली, भावोजी, आमची सगळ्यांची इच्छा होती तुमचे आभार मानायची, पण मावशी म्हणायची त्याला आवडत नाही, तो तसा लाजाळू आहे. कसले आभार, मी विचारलं. ती म्हणाली, तुमच्या आईच्या पांघरुणाचे.

मग तिने सगळं सांगितलं, जणू मला माहीतच आहे अशा सुरात. बॉक्समधून गोधडी निघाली तेव्हा तिच्यावर चिकटपट्टी होती: मानांगला, मिलिंदच्या आईकडून. तुम्ही फोनवर गावाला सांगितलं होतंत की जावयाने स्वतःच्या मेलेल्या आईची एकुलती एक आठवण माझ्या बहिणीसाठी दिली. आंधळी पासिंग दिवसभर तिचे टाके बोटांनी मोजत पडायची. अंगाला दुसरं पांघरूण टोचायचं म्हणून दूर ढकलायची. गेली तेव्हा त्यांनी तुम्हाला फोन करून विचारलं, शवपेटीत बरोबर ठेवू का. तुम्ही रडलात आणि ठेवा म्हणालात.

कॉल संपला. मी ग्रेसला विचारलं, तुला माहीत होतं? तिने होकारार्थी मान हलवली. पासिंगच्या मातीचे फोटो तिने पाहिले होते, पेटीतली गोधडी त्यांत दिसत होती. तुम्ही तिला शपथ घातली होती.

"मला सांगायचं नाही?" मी म्हणालो.

ती दमली होती. पातेलं घासत होती, मागे न वळता म्हणाली, "सांगून काय केलं असतंस, मिलिंद? उकरायला लावली असतीस?"

मी फडकं घेऊन पातेली पुसायला लागलो.

आता ऐका, कारण हे मला तुमच्या तोंडावर बोलायचं होतं. मला वाटत होतं तुम्ही ती चिंधी समजून डब्यांना गुंडाळली. तसं असतं तर मी माफ केलं असतं. तुम्हाला सगळं माहीत होतं. ती कोणाची, कशाची, माझ्यासाठी काय, सगळं माहीत असून तुम्ही ती दिलीत, आणि दुसऱ्यांदा, मातीत, मला न विचारता दिलीत. वर मला गावात मोठं केलंत. मी एवढा मोठा नाही, नानांग. मला ते मोठेपण नको होतं, मला गोधडी हवी होती. आणि गाव तुम्हाला विचारू लागलं असतं की जावई दिलेलं परत मागतोय का, म्हणून तुम्ही गप्प बसलात. माझी अब्रू सात समुद्रांपलीकडे सांभाळलीत आणि इथे, एका छपराखाली, मला तुमचा द्वेष करू दिलात. हा कुठला न्याय?

आणि पहिल्या वेळेचं. मी मीटिंगमध्ये असलो की तुम्ही दारात काहीतरी हातात धरून उभ्या राहायचात. हा टी-शर्ट? हा डबा? हे बूट? हेडफोनमुळे मला ऐकू यायचं नाही. तुम्ही जावं म्हणून मी न बघताच अंगठा वर करायचो. नऊ वर्षं करत होतो. त्या दिवशी तुम्ही आला होतात का, मला आठवत नाही, कितीही ताण दिला तरी आठवत नाही. पण तुम्ही खोटं बोलणाऱ्या नव्हतात. तुम्ही नक्की म्हणाला असाल, तुझ्या आईची आहे, माझ्या बहिणीला देऊ? आणि मी अंगठा वर केला असेल. ही कबुली तुम्ही असताना द्यायला मला फार वेळ लागला नसता. एक जिना उतरावा लागला असता.

एक गोष्ट मात्र मला झोपताना, उठताना छळते. पासिंगला पुरलं त्या दिवसापासून तुम्हाला माहीत होतं की गोधडी कधीच येणार नाही. म्हणजे माझी शपथ कधीच सुटणार नाही, मी तुमच्या हातचं पुन्हा कधीच खाणार नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. मी तर वाट बघत होतो. तरी त्यानंतर आठ महिने तुम्ही रोज साडेबाराला जिना चढलात, त्या गुडघ्यांनी, आणि विचारलंत.

आज शनिवार. ग्रेस ड्यूटीवर आहे, तारा तिच्या मैत्रिणीकडे. दुपारी मी मटार घ्यायला गॅरेजमधला मोठा फ्रीझर उघडला. मटाराच्या खाली तुमच्या पिशव्या होत्या. पाच. प्रत्येकीवर कागदी चिकटपट्टी आणि मार्करची मोठी अक्षरं: मिलिंद, नो मीट. आतले लुंपिया एका ओळीत रचलेले. वरच्या पिशवीतले ताजे, तळातल्या पिशवीत बर्फाचा भुगा साचलेला. दर दोन महिन्यांनी वळत होतात तर. सण गेले, पाहुणे आले, नऊ दिवस माणसं जेवत होती, आणि कोणी त्यांतला एकही काढला नाही. नाव लिहिलेली वस्तू ज्याची त्याची. गोधडीवर मी माझं नाव लिहिलं नव्हतं.

आमच्या बार्शीत दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की माणसं आठवून बघतात, गेलेल्याचं काय राहिलं असेल. मग कोणीतरी पुढे होऊन ते मोठ्याने बोलतं. तुमच्याकडे फोटोपुढे नुसतं ताट ठेवतात, वाट कोणी बघत नाही. ग्रेस रोज ठेवते, भात आणि मासळी. मी आजवर काही ठेवलं नव्हतं.

मी तळातली पिशवी काढली. तेल तापवलं, आठ लुंपिया सोडले. तुम्ही म्हणायचात, बर्फ असताना सोडू नकोस, उडतं. उडलं. दोन फुटले, कोबी सगळ्या तेलात पसरला. मनगट भाजलं. दोन चांगले तुमच्या फोटोपुढे ठेवले, उरलेले ओट्याशी उभ्यानेच खाल्ले, तुम्ही खायचात तसे. चांगले लागले असं म्हणणार नाही. फ्रीझरचा वास धरलाय, मीठ कमी आहे, एक आतून गारच होता. सगळे संपवले. पिशव्या अजून चार आहेत, त्याही मीच संपवणार, वाटणार नाही.

घड्याळात साडेबारा होऊन गेले होते. जिन्यावर कोणी चढलं नाही, म्हणून मीच फोटोपाशी गेलो आणि अकरा महिन्यांचं उत्तर दिलं. जेवलो, नानांग. गोधडी आली नाही, तरी जेवलो.